भीमेकाठी एकट्याने एक रात्र: फ्लाय-फिशिंग आणि मुक्कामाची तयारी

एकट्याने नदीवर मुक्काम करायचा असेल तर सोलापूरकरांनी कार्तिक गाठावा. ऑक्टोबर हीट ओसरलेली असते, परतीचा पाऊस गेलेला असतो, पाणी निवळायला लागतं आणि काठची काळी रानं ज्वारीच्या कोंबांनी हिरवी होत असतात. आश्विनात घाई करू नका. आपल्याकडे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो आणि त्याचा पाय लवकर निघत नाही. २०२० च्या ऑक्टोबरच्या मध्यावर भीमा आणि सीना दोन्ही पात्राबाहेर गेल्या होत्या. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेकाठची गावंच्या गावं पाण्यात गेली. दिवाळी होऊ द्या, पाहुणे जाऊ द्या, मग सामान काढा.

मी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा, आहे. आठवडाभर मागांचा खडखडाट कानात असतो, त्यामुळे शनिवार-रविवार नदीवर काढायला मिळाला की मला दुसरं काही लागत नाही. फ्लाय-फिशिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हिमालयातला ट्राउट येतो. भीमेत ट्राउट नाही आणि लागतही नाही. चिलापी (तिलापिया) आहे, मरळ आहे, काठालगत उडणारे चंदेरी बारके मासे आहेत, आणि नशिबाने कधी रोहूही लागतो. पिसाचा आणि सुताचा खोटा किडा, म्हणजे फ्लाय, करून तो नेमका माशापुढे टाकायचा, ही विद्या इथेही तितकीच चालते. मात्र एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा: नदीचं एकच वळण धरायचं आणि दोन्ही दिवस तिथेच राहायचं. सकाळी इथे, दुपारी दहा किलोमीटर वर, असं करणाऱ्याला नदी कुठेच कळत नाही. एकटा माणूस सुरक्षित राहतो तोही एका जागेची माहिती करून घेतल्यामुळेच.

जागा आणि गाव

सोलापुरातून विजापूर रोडने निघालात की आधी वडकबाळला सीना लागते, पुढे टाकळीला भीमा. दोन्ही नद्यांचा संगम हत्तरसंग-कुडलला, शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर. पलीकडचा काठ कर्नाटकात, त्यामुळे पाण्यावरून मराठीही ऐकू येते आणि कानडीही. पहिल्यांदा जाणाऱ्याने संगम बघून यावा. संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे, आणि शेजारच्या हरिहरेश्वरात ३५९ मुखांचं शिवलिंग आहे. तंबू मात्र देवळाच्या आवारात लावू नका आणि घाटाजवळ गळही टाकू नका. लोक तिथे आंघोळीला, दर्शनाला येतात. आपली जागा तिथून लांब, वर किंवा खाली शोधा.

जागा शोधायची ती आठवडाभर आधी, दिवसाउजेडी, काठी-गळ घरी ठेवून. पाणी बघण्याआधी माणसं बघा. पोलीस पाटलांकडे जा, नाव सांगा, आधार कार्ड दाखवा, गाडीचा नंबर लिहून द्या. हा उपचार नव्हे. नदीकाठी शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी आणि केबली चोरीला जातात, आणि रात्री बॅटरी घेऊन काठाने फिरणारा अनोळखी माणूस दिसला की गाव त्याला चोरच समजणार. त्यांचं चुकत नाही. ज्याच्या बांधावर झोपणार त्या शेतमालकालाही विचारा. आणि मासेमारीचा हक्क कोणाकडे आहे तेही तिथेच विचारा. बहुतेक ठिकाणी पाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतं. संस्थेची माणसं पहाटे जाळी काढायला येतात. त्यांना एक चहा पाजून 'मी हौशी आहे, गळाने धरतो, दोन खायला ठेवतो, बाकी सोडतो' एवढं सांगितलं की अडचण येत नाही. जाळी कुठे लावली आहेत तेही तेच दाखवतात. रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे असं समजा आणि तिकडे लाइन टाकू नका.

गावात तीन प्रश्न हमखास विचारा. वाळू कुठून उपसली आहे? बिबट्या दिसलाय का? वरून पाणी सुटणार आहे का?

वाळूचे खड्डे हा आपल्या नद्यांचा सगळ्यात मोठा धोका. वरून गुडघाभर दिसणारं पाणी एका पावलात पुरुषभर खोल होतं. म्हणून भीमेत उतरून मासे धरायचेच नाहीत, पोहता येत असलं तरी. फ्लायवाले पाण्यात उभे राहतात ते परदेशी व्हिडिओत, इथे काठावरूनच. रात्री वाळूचे ट्रॅक्टर ज्या वाटेने येतात त्या वाटेवर तंबूही नको. बिबट्याचं म्हणाल तर उसामुळे तो आता आपल्या जिल्ह्यातही आलाय. २०२० च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात त्याने माणसांचे जीव घेतले. गावकरी 'दिसलाय' म्हणाले तर त्या आठवड्यात एकट्याने मुक्काम करू नका. सकाळी जाऊन संध्याकाळी परत या, मासे तेवढ्यातही लागतात.

पाणी कधी वाढतं

हे नीट समजून घ्या, कारण एकट्या माणसाला रात्री उठवायला कोणी नसतं. भीमेचं पाणी फक्त पावसाने वाढत नाही. वरच्या उजनी धरणातून ते सोडलं जातं. पंढरपूरसाठी, सोलापूरच्या पिण्यासाठी, कधी कार्तिकी वारीला चंद्रभागा भरलेली असावी म्हणून. उजनीत सोडलेलं पाणी आपल्या दक्षिण सोलापुरातल्या औज बंधाऱ्यापर्यंत पोहोचायला कित्येक दिवस लागतात. म्हणजे आभाळ निरभ्र असतं, आसपास थेंब पडलेला नसतो आणि नदी मात्र चढत असते. आपण सोलापूरकर धरण 'प्लस'मध्ये आहे की 'मायनस'मध्ये, म्हणजे उपयुक्त साठा उरलाय की संपलाय, हे उन्हाळ्यात रोज बघतो; नदीवर जाताना त्याच बातमीत विसर्ग किती क्युसेक आहे तेही बघा, आणि फक्त आजचा नको, मागच्या आठवडाभराचा. याच दिवसांत कोल्हापुरी बंधाऱ्यांना दारं टाकायचं कामही चाललेलं असतं. दारं पडली की वरच्या बाजूचं पाणी फुगतं, काढली की खालच्या बाजूला लोंढा येतो. बंधाऱ्याच्या भिंतीवर उभं राहून मासे धरू नका आणि त्याच्या लगेच खालीही थांबू नका.

काठावर पोहोचलात की पहिलं काम: पाण्याच्या कडेला एक काडी रोवा. तासाभराने बघा. काडी पाण्यात गेली असेल तर सामान तसंच वर न्या. नंतर झोपण्यापूर्वी आणि मध्ये जाग आली तरी बॅटरी मारून काडी बघायची. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला नदीच्या वाळवंटात तंबू ठोकताना पाहून हाक मारली होती, 'मालक, वर पाणी सोडलंय म्हणतेत ओ. खाली झोपू नका की, आमच्या गोठ्याकडं या.' मी गेलो. पहाटे जिथे तंबू असता तिथे पाणी होतं.

तंबूची उंची ठरवायला काठच्या वेड्या बाभळी बघा. फांद्यांत अडकलेला काडीकचरा, प्लास्टिक, उसाचं पाचट ही गेल्या पुराची खूण. कार्तिकात तेवढं पाणी येणार नाही, पण जागा उंचीने त्या खुणेच्या जितकी जवळ तितकी बरी. काळ्या मातीवर तंबू नको. कोरडी असली तर भेगांत खुंट्या धरत नाहीत, आणि भेगांतून विंचू निघतात. ओली असली तर चपलेला किलोभर चिकटते. मुरमाड, किंचित उताराची जागा घ्या. पुराने आणलेला गाळ वरून वाळलेला आणि आतून लिबलिबीत असतो, काठीने दाबून बघितल्याशिवाय त्यावर पाय देऊ नका.

तंबूची चेन आत-बाहेर करताना दर वेळी पूर्ण लावा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश दुखत नाही, त्यामुळे कळत नाही, आणि म्हणूनच ती घातक. घोणस आणि फुरसंही आपल्याकडे आहेत. बूट तंबूच्या आत ठेवा, सकाळी झटकून घाला, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल नको. चावलंच तर कापणं नाही, चोखणं नाही, आवळून बांधणं नाही. हातपाय हलवू न देता १०८ ला फोन, गावातल्या माणसाला फोन, आणि थेट मोठ्या दवाखान्यात. प्रतिविष तिथे मिळतं. यासाठीच पोलीस पाटलांचा नंबर कागदावर लिहून खिशात हवा, मोबाइल बंद पडला तरी. घरी रात्री आठला आणि सकाळी सातला फोन करायचं ठरवून घ्या. फोन आला नाही तर घरच्यांनी कोणाला विचारायचं तेही सांगून निघा.

काठी, लाइन आणि घरी बांधलेला फ्लाय

चिलापीसाठी ९ फुटी, ५ नंबरी फ्लाय रॉड आणि तरंगणारी लाइन पुरते. मरळीच्या मागे लागायचं असेल तर ८ नंबरी; नंबर जितका मोठा तितकी काठी दणकट. हे सामान ऑनलाइन मागवावं लागतं. लाइनच्या टोकाला ९ फूट नायलॉन, शेवटचा भाग चिलापीला ०.२० मिलिमीटरचा, मरळीला ०.४० चा. बाकी महागड्या वस्तूंचं काही खरं नाही.

फ्लाय मात्र स्वतः बांधा. सोलापुरात त्याचं सामान पायाशी पडलेलं असतं. चिलापी तळाशी शेवाळ खरवडते आणि गाळातल्या लाल अळ्याही खाते, तेव्हा लाल अळीच करायची. ८ किंवा १० नंबरचा गळ पकडीत किंवा व्हाइसमध्ये (टेबलाला लावायच्या शिकंज्यात) धरा आणि सगळ्यात आधी त्याच्या टोकाजवळचा काटा चपटा दाबून टाका. मासा सोडताना इजा होत नाही आणि स्वतःच्या कानात गळ घुसला तरी सहज निघतो. शिवणाचा काळा दोरा गळाच्या डोळ्यापासून, म्हणजे लाइन ओवायच्या भोकापासून, त्याच्या वाकापर्यंत जवळ जवळ गुंडाळत न्या. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेली बारीक तांब्याची तार वाकाशी बांधून मागे सोडून द्या. आता चादरीचं लाल सूत घ्या, त्याचा पीळ उलगडून एकच पदर वेगळा करा. पूर्ण सूत घेतलं तर अळी जाड होते आणि चिलापीचं तोंड लहान असतं. तो पदर परत घट्ट पिळून गळावर पुढे गुंडाळत या, मग त्यावरून तार विरळ वेढ्यांनी पुढे आणा. लालवर तांब्याच्या रेघा उठल्या की अळीच्या अंगाच्या कड्या दिसायला लागतात. पुढच्या टोकाला कोंबड्याच्या मानेचं एक मऊ पीस, फक्त दोन वेढे. चिकनच्या दुकानात मागितलं तर मूठभर फुकट देतात. दोऱ्याच्या गाठी मारा, वर नेलपॉलिशचा थेंब.

सूत कॉटनचंच हवं. ते पाणी पितं आणि फ्लाय खाली जातो. ॲक्रिलिकचा धागा तसा बुडत नाही. रंग पक्का आहे का हे बघायला सुताचा तुकडा रात्रभर वाटीतल्या पाण्यात टाकून ठेवा. लाल, काळा आणि शेवाळी हिरवा, या तीन रंगांत मूठभर फ्लाय बांधलेत तर सुट्टीभर पुरतात. मरळीसाठी मोठ्या गळावर टॉवेलच्या फुलक्यांची (वर उठलेल्या सुताच्या वेढ्यांची) बेडकी करता येते, वर फोमचा तुकडा लावला की तरंगते.

टाकणं आणि लागणं

नोव्हेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो. शनिवारी तीनपर्यंत काठावर पोहोचा म्हणजे तंबू, काडी, शेतमालकाची भेट उरकून पाचला गळ पाण्यात जाईल. पहिला अर्धा तास नुसतं बघा. कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवत थांबून सूर मारतो, तिथे बारके मासे आहेत. नदी सुरय त्याच पट्ट्यावरून फेऱ्या घालते. उथळ गाळात ताटाएवढे गोल खळगे दिसले की ती चिलापीची घरटी. नर राखत बसलेला असतो. जलपर्णीच्या कडेला 'बुळुक' असा जड आवाज आला, पाणी फुटलं आणि बुडबुडे राहिले, तर मरळ हवा घ्यायला वर आली होती. तिच्याभोवती लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर तिला हात लावू नका. आई-बाप दोघंही पिल्लं राखतात, आणि ते गेले की इतर मासे काही तासांत तो घोळका संपवतात.

मागे वेडी बाभूळ नाही अशी जागा घ्या, नाहीतर निम्मे फ्लाय झाडाला जातील. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डोक्यावर आणि मागे विजेच्या तारा नाहीत ना ते बघा. मोटारींसाठी ओढलेल्या तारा काठाला खूप खाली लोंबतात, आणि कार्बनच्या काठीतून वीज वाहते. पाण्यात गेलेल्या केबलीपासूनही लांब राहा, जोड उघडा असू शकतो. काठावर मोटार घरघरत असेल तर तिथे थांबूच नका.

उजव्या हाताने टाकणाऱ्याने वारा डाव्या खांद्यावरून येईल असं उभं राहावं. उजवीकडून आला तर तो लाइन आणि गळ तुमच्याच तोंडावर आणतो. काठी मागे नेल्यावर लाइन पूर्ण उलगडेपर्यंत थांबा, मग पुढे. या थांबण्यातच सगळी कला आहे. जोराने काही होत नाही. फार लांबही टाकू नका. संध्याकाळी मासा काठाच्या २०-२५ फुटांच्या आतच असतो. चिलापी दिसत असेल तर तिच्या पलीकडे तीन-चार फूट टाका, बुडू द्या, आणि डाव्या हाताने लाइन बोटबोट ओढत फ्लाय तिच्या नाकासमोरून न्या. लागल्याचा झटका क्वचितच बसतो. लाइनचं टोक किंचित थांबतं किंवा बाजूला सरकतं, एवढंच. तेव्हा काठी वर उचलायची नाही, डाव्या हाताने लाइन ओढायची. काठी उचललीत की फ्लाय तिच्या तोंडातून निघतो.

सकाळची वेळ याहून चांगली. उजाडताना धुकं असतं, काठी दवाने ओली असते आणि वारा नसतो. उन्हं वर येईपर्यंत टाकत राहा. दुपारी वारा सुटला की बाभळीच्या सावलीत झोपा, फ्लाय बांधा, काही करा. त्या वेळी पाणी चाबकत बसण्यात अर्थ नाही.

चिलापीच्या पाठीवरचे काटे टोचतात. तोंडाकडून शेपटीकडे हात नेत काटे दाबून धरा. शिंगाडा मासा लागला तर जास्त जपा; कल्ल्यांजवळचे दोन्ही आणि पाठीवरचा, असे तीन काटे ताठ होतात आणि जखम दिवसभर ठणकते. गळ पकडीनेच काढा, मासा पाण्यात ठेवूनच. सोडायच्या माशाला कोरड्या हाताने धरू नका, अंगावरचा बुळबुळीत थर गेला की त्याला रोग होतो. खायला चिलापी ठेवा, रोहू आणि मरळ सोडून द्या. चिलापी मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणलेली, आणि इथे तिने आपल्या माशांची जागा खाल्ली आहे. तिला ताटात घेताना माझ्या मनाला काही वाटत नाही.

जेवण

नदीचं पाणी पिऊ नका, उकळूनही नको. वरच्या शहरांचं सांडपाणी याच नदीत येतं, आणि उकळल्याने जंतू मरतात पण बाकीचं तसंच राहतं. २० लिटरचा जार गाडीवर बांधून न्या, एकट्याला चहा-स्वयंपाकासकट पुरून उरतो. बाकी सोलापूरकराला मुक्कामाच्या जेवणाची चिंता कसली? कडक भाकरी महिनोन् महिने टिकते, शेंगाचटणीला फ्रिज लागत नाही, बरोबर कांदा आणि छोटी तेलाची बाटली. मासा साफ करून मीठ, हळद, तिखट चोळा, ज्वारीच्या पिठात घोळवा आणि छोट्या गॅसवर तव्यात परता. खवले आणि आतडी तंबूपासून लांब पुरा, कुत्री येतात. शेकोटी करू नका. उसाला तोड लागायची वेळ असते, पाचट वाळलेलं असतं आणि एक ठिणगी कोणाचं तरी वर्षाचं पीक नेते. थंडी पहाटेचीच असते. खाली चटई, वर सोलापुरी चादर दुहेरी, एवढं भागतं. फक्त चादर तंबूबाहेर वाळत ठेवू नका, दवाने भिजून जड होते.

रविवारी दुपारी चारपर्यंत आवरा. नायलॉनचा एकही तुकडा काठावर ठेवू नका, बगळ्यांच्या पायात अडकतो आणि त्यांचे पाय तुटतात. आपला कचरा तर न्याच, पण दुसऱ्यांचा एक पिशवीभरही उचला. पोलीस पाटलांना 'निघालो' म्हणून फोन करा, नाहीतर ते रात्री उगीच काठाकडे बघत राहतात. घरी आल्यावर कॉटनचे फ्लाय डबीत ओले ठेवू नका, गळ गंजतात. कागदावर पसरून वाळवा. आणि बूट, जाळी, पिशवीचा तळ नीट धुऊन उन्हात टाका. जलपर्णीचा एक कोंब जरी चिकटून राहिला आणि तुम्ही पुढच्या सुट्टीत होटगीच्या तळ्यावर गेलात, तर ती तिथेही पसरेल.